बंद घर, जागा शेजार आणि चुकीचा संशय

सुट्टी लागली की आपल्या वस्त्या अर्ध्या रिकाम्या होतात. मे महिन्यात गाव, दिवाळीत माहेर, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमी आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमी. घरे कधी बंद राहणार हे जसे आपल्याला ठाऊक, तसे घरफोडी करणाऱ्यालाही ठाऊक असते. त्यातच २०२५ मध्ये सोन्याचा भाव दहा ग्रॅमला एक लाखाच्या पुढे गेला. कष्टकरी घरातले दोन-तीन तोळे म्हणजे मुलीच्या शिक्षणाची आणि आजारपणाची एकमेव तरतूद. ती एका रात्रीत जाऊ शकते.

यावर बाजारात उपाय भरपूर आहेत. कॅमेरे, डिजिटल कुलपे, खासगी रखवालदार. ज्यांना परवडते त्यांनी जरूर घ्यावेत. पण कॅमेरा चोर दाखवतो, त्याला अडवायला माणूस लागतो. चाळीत शेजारच्या मावशी दिवसातून दोनदा बंद दाराकडे बघायच्या, हीच खरी राखण होती. फ्लॅटमध्ये गेल्यावर आपण ती गमावली. समोरच्या दाराआड कोण राहते, हे अनेकांना सांगता येत नाही.

निघण्यापूर्वीची कामे साधी आहेत. बाहेर लटकते कुलूप घर रिकामे असल्याचे सांगते, म्हणून दारातच बसवलेले कुलूप असेल तर तेच लावावे. दूध आणि पेपर बंद करावा. गॅसचा रेग्युलेटर बंद करावा. एक चावी विश्वासू शेजाऱ्याकडे द्यावी आणि संध्याकाळी दिवा लावायला सांगावे. प्रवासाचे फोटो स्टेटसला टाकायचे ते परतल्यावर. जवळच्या पोलीस ठाण्यात कळवून ठेवावे.

दागिने घरात ठेवू नयेत. बँक लॉकर परवडत असेल तर एक नियम माहीत असू द्या: १ जानेवारी २०२२ पासून लॉकरमधील वस्तू चोरी, दरोडा, आग किंवा कर्मचाऱ्याच्या फसवणुकीमुळे गेल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत आहे. पावत्यांचे आणि दागिन्यांचे फोटो काढून नातेवाइकाच्या फोनवरही ठेवा. १ एप्रिल २०२३ पासून विकल्या जाणाऱ्या हॉलमार्क दागिन्यांवर सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांक असतो, तो लिहून ठेवा. विमा काढला असेल तर पॉलिसी वाचा. ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत आग, पूर यांचे संरक्षण आहे, पण साध्या घरफोडीचे नाही. त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

तरीही चोरी झालीच, तर कशालाही हात न लावता ११२ वर फोन करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. म्हणजे गावी असतानाच कळले, तरी तिथल्या ठाण्यात तक्रार देता येते. ऑनलाइन कळवले तर तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळणे हा तुमचा हक्क आहे. नुसता अर्ज घेऊन परत पाठवले, तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते आणि पुढे दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. गरिबाच्या घरची चोरी ‘किरकोळ’ म्हणून कागदावर येत नाही, तिथे कार्यकर्त्याने सोबत जाणे फार मोलाचे ठरते.

आता अवघड मुद्दा. चोरी झाली की पहिले बोट कोणाकडे जाते? धुणीभांडी करणाऱ्या ताईकडे, वॉचमनकडे, जवळच्या पारधी पालाकडे. पुरावा नंतर शोधला जातो. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने संपूर्ण जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला संपला, पण ती नजर गेली नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुकन्या शांता यांच्या याचिकेवरील निकालात सर्वोच्च न्यायालयाला पोलिसांना बजवावे लागले, की विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये. जन्मावरून माणसाला डाग लावणे काय असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मग आपल्या सोसायटीत तेच आपल्याकडून घडू नये. तक्रारीत पाहिलेले लिहा, वाटलेले नाव लिहू नका. चुकीच्या माणसाला उचलले, तर खरा चोर मोकळाच राहतो आणि तुमचे सोनेही परत येत नाही.

युवकांसाठी एक काम सुचवतो. पुढच्या सुट्टीआधी विहारात एक बैठक घ्या. कोण कधी जाणार, चावी कोणाकडे, रात्री फेरी कोण मारणार, एवढे वहीत लिहा. ही यादी ग्रुपवर टाकू नका, दोन जबाबदार माणसांकडेच राहू द्या. आणि त्या बैठकीला वॉचमनदादांना व घरकाम करणाऱ्या ताईंनाही बोलवा. आपण गावी जातो तेव्हा आपल्या दारावरून रोज जाणारी माणसे तीच असतात.