घोडेस्वार कुणाच्या डावीकडे?

टॅरोवर तुमचा विश्वास आहे की नाही, हे मी विचारणार नाही. असेल तर असू दे. मला भांडायचंय ते एका छोट्याशा नियमाशी. तुम्ही तो ऐकला असेलच, कारण हल्ली परदेशातल्या आपल्या कुठल्याही घरगुती कार्यक्रमाला कुणी ना कुणी पत्त्यांचा डेक घेऊन येतंच. नियम असा: पत्त्यावरची आकृती डावीकडे बघत असेल तर ती भूतकाळाकडे बघते, उजवीकडे बघत असेल तर भविष्याकडे. घोडा असो, होडी असो, चालणारा माणूस असो, सगळ्यांना तोच न्याय.

गेल्या कोजागिरीला इथे मँचेस्टरमध्ये, एका ओळखीच्यांच्या घरी, माझ्या मैत्रिणीने असेच तीन पत्ते काढले. भूत, वर्तमान, भविष्य. तिला पुण्याहून नोकरीचं पत्र आलं होतं आणि उत्तर द्यायला दहा दिवस होते. तिसऱ्या जागी नाइट ऑफ स्वोर्ड्स आला, तलवार उगारून डावीकडे सुसाट सुटलेला घोडेस्वार. पत्ते वाचणाऱ्या बाई म्हणाल्या, "बघ, भविष्याच्या जागी येऊनही हा मागे पळतोय. तू मागे जाऊ नकोस गं, पस्तावशील."

मैत्रीण माझ्यासारखीच पीएचडी करून पोस्टडॉकच्या चक्रात अडकलेली. माझ्या आलेखांमधल्या चुका तीच काढते. तिने दहा दिवस काहीच उत्तर दिलं नाही. अकराव्या दिवशी प्रश्नच उरला नाही. पत्त्यामुळे नकार दिला असं ती म्हणत नाही. पण तो घोडा डोक्यातून जात नव्हता, एवढं मान्य करते.

तेव्हा त्या घोड्याकडे जरा नीट बघू.

टॅरो हा मुळात पंधराव्या शतकातला उत्तर इटलीतला पत्त्यांचा खेळ. भविष्य सांगायला त्याचा सर्रास वापर व्हायला लागला तो अठराव्या शतकाच्या शेवटी, फ्रान्समध्ये. आणि आज आपल्यापैकी बहुतेकांनी बघितलेला डेक तर थेट १९०९ सालचा, लंडनचा. योजना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. या बाई नाटकवाल्यांबरोबर वावरलेल्या, छोटी खेळण्यातली नाट्यगृहं करून गोष्टी सांगणाऱ्या. (डेकच्या नावात प्रकाशक रायडर आणि वेट दोघं आले, चित्रं काढणारी कित्येक वर्षं आलीच नाही. तो वेगळ्या भांडणाचा विषय.)

आता नियम लावून बघा. 'द फूल' हा नव्या सुरुवातीचा पत्ता, असं कुठलंही पुस्तक सांगेल. स्मिथबाईंचा फूल डावीकडे तोंड करून निघालाय. म्हणजे नवी सुरुवात भूतकाळात? त्याहून जुन्या मार्सेय घराण्याच्या डेकमध्ये हाच गडी उजवीकडे चालतो. मग मधल्या काळात विश्वाने दिशा बदलली की चित्रकाराने? 'डेथ'चा सांगाडा पांढऱ्या घोड्यावर बसून उजवीकडे, म्हणजे भविष्याकडे निघालाय. चार नाइटांपैकी सगळ्यात वेगाने दौडणारा डावीकडे, आणि ज्याचा घोडा जागचा हलतही नाही तो पेंटॅकल्सचा नाइट मात्र उजवीकडे. यावर ठरलेलं उत्तर येतं, "यातच तर गूढ अर्थ आहे." असेलही. पण डावीकडे गेला तरी बरोबर, उजवीकडे गेला तरी बरोबर, अशा गोष्टीला आमच्या प्रयोगशाळेत निष्कर्ष म्हणत नाहीत.

मजा म्हणजे खुद्द वेट हे म्हणतच नाहीत. त्यांच्या १९११ च्या पुस्तकात सेल्टिक क्रॉसची मांडणी दिलीय. मध्यभागी प्रश्नकर्त्याचा पत्ता, त्यावरची आकृती ज्या बाजूला बघते ती येणाऱ्या काळाची बाजू, तिच्या पाठीमागची बाजू गेलेल्या काळाची. म्हणजे आकृती डावीकडे बघत असेल तर भविष्य डावीकडे! आणि पत्त्यावरची आकृती कुठेच बघत नसेल तर? तर सुरुवात करण्याआधी वाचणाऱ्यानेच बाजू ठरवून घ्यायची. दिशा पत्त्यात दडलेली नाही, ती मांडणाऱ्याने ठरवायची, हे डेक काढणाऱ्याने छापून ठेवलंय.

मग डावीकडे भूतकाळ आला कुठून? आपल्या वहीतून. बार्बरा ट्वर्स्की आणि सहकाऱ्यांचा १९९१ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. सकाळचं, दुपारचं, रात्रीचं जेवण कागदावर कुठे कुठे, असं विचारलं तर इंग्रजी लिहिणाऱ्यांनी साधारणपणे डावीकडून उजवीकडे मांडलं, अरबी लिहिणाऱ्यांनी उजवीकडून डावीकडे, हिब्रूवाले मध्ये कुठेतरी. ऑस्ट्रेलियातल्या पॉर्मपुरॉ इथल्या आदिवासींना लेरा बोरोडित्स्की आणि अॅलिस गॅबी यांनी चित्रांची कार्डंच क्रमाने लावायला दिली होती. त्यांनी ती पूर्वेकडून पश्चिमेकडे लावली, मग तोंड कुठेही असो. दक्षिणेकडे तोंड करून बसले तर डावीकडून उजवीकडे, उत्तरेकडे बसले तर उलट. त्यांच्यापुढे नाइट ऑफ स्वोर्ड्स ठेवला तर तो कुठल्या काळात धावतोय हे सांगायला आधी सूर्य बघावा लागेल. इस्रायलमधल्या वाचकांना, जे देवनागरी एका दिशेने आणि हिब्रू दुसऱ्या दिशेने वाचतात, त्यांना हे मी काय सांगणार! शिवाय एकोणिसाव्या शतकात एलिफास लेवी यांनी बावीस मोठ्या पत्त्यांना जोडली ती हिब्रूचीच बावीस अक्षरं. ती उजवीकडून वाचायची.

आणखी एक साधी गोष्ट त्या रात्री कुणाच्याच लक्षात आली नाही, माझ्याही. बाई टेबलाच्या पलीकडे बसल्या होत्या. पत्ते त्यांच्या बाजूने सुलटे होते. मैत्रिणीच्या खुर्चीतून तोच घोडेस्वार डोक्यावर उभा होता आणि धावत होता उजवीकडे. गणपतीची सोंड उजवी की डावी हे ठरवताना आपण मूर्तीची उजवी बाजू धरतो, आपली नव्हे. एवढा काटेकोरपणा आपल्या घरात आहे. मग नोकरीच्या प्रश्नात 'कुणाची डावी' हे विचारायला काय झालं होतं?

पण माझा खरा राग डाव्या-उजव्यावर नाही. डावीकडे म्हणजे मागे, इथपर्यंत एकवेळ चालवून घेऊ. मागे म्हणजे पुणे, हे कुठल्या पत्त्यावर लिहिलंय? ते पत्त्याने सांगितलं नाही. बाईंनी सांगितलं, आणि आपण सगळ्यांनी मसाला दुधाचे पेले हातात धरून माना डोलावल्या. कारण ते आपल्या पोटातलंच होतं. इथून लंडनला नोकरी मिळाली की "पुढे गेला", सोलापूरला मिळाली की "परत गेला", आणि तेही नापास झाल्याच्या सुरात. पुण्याची ती जागा तिने आधी कधी केलेली नव्हती, त्या गावात ती कधी राहिलेली नव्हती. तिच्यासाठी ते सगळं कोरं होतं. उलट मँचेस्टरमध्ये तिची सहा वर्षं झालीत. भूतकाळ म्हणायचाच तर याला म्हणा की! ज्या भाषेत 'परवा' हा शब्द दोन्हीकडे चालतो, आणि गेलो की जाणार हे क्रियापद ठरवतं, त्या भाषेतल्या माणसांनी एका घोड्यावरून गाव भूतकाळात ढकलावं?

दिशा बघूच नका, असं मी म्हणत नाही. चित्र बघायचं तर नजर, हालचाल बघावीच लागते. कोण कुणाकडे बघतंय, कोण पाठ फिरवून चाललंय, यातून चांगले प्रश्न सुचतात. त्या रात्री मधला पत्ता सिक्स ऑफ स्वोर्ड्स होता: होडीतली बाई, मूल, नावाडी, तिघांचीही आपल्याकडे पाठ. ती होडी आपल्यापासून दूर, चित्राच्या आत चाललीय, आणि डाव्या-उजव्याच्या नियमात 'आत' ही दिशाच नाही. बाई "प्रवास" एवढं म्हणून पुढच्या पत्त्यावर गेल्या. होडी निघालीय आणि तिच्या रोखाने एक घोडेस्वार धावत येतोय. तो थांबवायला येतोय की निरोप द्यायला? मैत्रिणीला असं कुणी विचारलं असतं, तर ती काहीतरी बोलली असती. तिच्या आईच्या गुडघ्यांबद्दल, व्हिसाबद्दल, कशाहीबद्दल. मग हवं तर नकारही देऊन मोकळी झाली असती, पण स्वतःच्या तोंडाने.

तुमच्याकडे पुढच्या वेळी डेक निघाला तर खुर्ची उचला आणि वाचणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसा. डावीकडे भूतकाळ असं म्हटलं की विचारा, कुणाच्या डावीकडे. मागे जाऊ नकोस असं म्हटलं की गावाचं नाव घेऊन विचारा, ते मागे कसं. उत्तर मिळेपर्यंत पाकीट खिशात राहू द्या.