हलक्या गाडीला मऊ स्प्रिंग

खूप दिवसांनी लिहितोय. निमित्त आमच्या भाच्याचं.

त्याने नोकरीतल्या पहिल्या बचतीतून एक जुनी सॅन स्टॉर्म घेतली. बऱ्याच जणांनी हे नावही ऐकलं नसेल. १९९८ साली आलेली ही दोन सीटांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार चक्क गोव्यात बनायची. फायबरची बॉडी, रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन, ताकद साधारण साठ अश्वशक्ती. आकडा लहान आहे, पण गाडी हलकी, म्हणून चालवताना मजा येते. ती बनणं कधीच बंद झालं. आता वयोमानाने भाच्याच्या गाडीचे चारही शॉकअप बसलेत, आणि नवीन काय टाकायचं यावरून मामा-भाच्यात जुंपली आहे.

"मामा, स्प्रिंगा कडक टाकतो अन् गाडी दोन इंच खाली घेतो. रेसिंगच्या गाड्या तशाच असतेत."

"अन् चालवशीन कुठं? ट्रॅकवर का यवतमाळात?"

तो हसला. मला काही हसू आलं नाही.

माझं मत साधं आहे. गाडी जितकी हलकी, तितकी स्प्रिंग मऊ हवी. रिकामी बंडी भरलेल्या बंडीपेक्षा जास्त उडते, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. रिकामा ट्रक खड्ड्यात हाडं खिळखिळी करतो, कारण त्याचे पाटे भरलेल्या मालाच्या हिशोबाने बनवलेले असतात. जड गाडीची स्प्रिंग हलक्या गाडीला लावली की तेच होतं.

थोडा हिशोब करू. गाडी ७०० किलोची धरा, म्हणजे एका चाकावर १७५ किलो. सोपं जावं म्हणून स्प्रिंग थेट चाकावरच आहे असं समजू. जी स्प्रिंग एक सेंटिमीटर दबायला १५ किलो लागतात, ती या वजनाखाली साडेअकरा सेंटिमीटरच्या आसपास दबून बसेल. जिला ४० किलो लागतात, ती जेमतेम साडेचार. आता पुढे खड्डा आला. चाकाला खाली ढकलायला दबलेली स्प्रिंगच असते, आणि ती जेवढी दबली असेल तेवढंच ढकलू शकते. साडेचार सेंटिमीटर संपले की चाक अधांतरी. जमिनीला न टेकलेलं चाक ना ब्रेक मारतं, ना वळवतं. म्हणजे कडक स्प्रिंगने त्रास फक्त पाठीलाच होतो असं नाही, गाडीची पकडही जाते.

त्यात आपली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. खड्डा निदान दिसतो तरी, लाट दिसत नाही.

हे काही माझ्या पदरचं नाही. लोटसचा कॉलिन चॅपमन याच विचाराचा होता. त्याची १९६२ची एलान फायबर बॉडीची, ७०० किलोच्या आतली. स्प्रिंग मऊ आणि शॉकअप नीट जुळवलेले. वळणावरच्या पकडीसाठी तिचं नाव आजही घेतात.

दुसरी बाजूही सांगतो. हलक्या गाडीत दोन धडधाकट माणसं बसली की वजन पाचव्या हिश्शाने वाढतं आणि मऊ स्प्रिंग जास्त बसते. वळणावर गाडी कलतेही. पण त्यावर इलाज आहे. अँटिरोल बार थोडा जाड घ्या, आणि स्प्रिंगची उसळी आवरायला चांगले शॉकअप घ्या. पैसे घालायचेच तर तिथे घाला. जुने रबरी बुश बदला, चाकं हलकी ठेवा. आणि उंची आहे तेवढीच राहू द्या, खाली घेतली तर चाकाला वर जायलाही जागा उरत नाही.

आता भाच्याला कधीच न सांगितलेली गोष्ट. १९९६ साली मीही माझ्या मारुती ८००ला हौसेने कडक स्प्रिंगा टाकून गाडी खाली बसवली होती. गावात मित्रांनी वाहवा केली. आठवड्याभरात आर्णी रस्त्यावर एका खचलेल्या वळणावर पुढचं चाक उडालं. स्टिअरिंग वळलं, गाडी वळली नाही. सरळ पऱ्हाटीच्या वावरात. शेजारी ताई होती. तिच्या हाताला सात टाके पडले. घरी आम्ही "कुत्रं आडवं आलं" असं सांगितलं, आणि ताईने ते आजवर निभावलं. आज मीच ते मोडतोय.

गाडी भाच्याची, पैसेही त्याचेच. काय टाकायचं ते तोच ठरवेल. पण गाडी तयार झाली की शेजारच्या सीटवर पहिली बसणार ती त्याची आई, म्हणजे आमची ताईच. म्हणून एवढं लिहिलं.