बाहत्तर सालची माणसे आहेत तोवर

यात्रेत पालखी निघाली की आता जोडलेल्या हातांपेक्षा मोबाईल धरलेले हात जास्त दिसतात. पोरं शूटिंग घेतात, त्यावर कुठल्यातरी सिनेमाचं गाणं चढवतात, ग्रुपवर टाकतात आणि मोबाईल भरला की पुसूनही टाकतात. वर्षभरात गावात एवढे चित्रण होते, पण वीस वर्षांनी गावाला दाखवावे असे त्यातले काय उरणार? शेतकरी बंधू-भगिनींनी आणि गावच्या कारभाऱ्यांनी जरा विचार करावा, म्हणून आजचा विषय माहितीपटाचा. म्हणजे खऱ्या माणसांच्या, खऱ्या घटनांच्या चित्रपटाचा.

माहितीपट म्हटले की जुन्या मंडळींना टॉकीज आठवते. मेन पिक्चरच्या आधी सरकारी रीळ लागायची. केंद्र सरकारने १९४८ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजन काढले आणि त्याच्या फिती दाखवणे थिएटरवाल्यांना बंधनकारक केले होते. बरेच जण तेवढ्या वेळात बाहेर जाऊन बिडी ओढून यायचे. त्यामुळे माहितीपट म्हणजे सरकारी उपदेश, असा आपला समज होऊन बसला. वास्तविक आपल्या देशातला चित्रपट खऱ्या माणसांपासूनच सुरू झाला. १८९९ साली हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी या पैलवानांची कुस्ती कॅमेऱ्यात टिपली. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला तो १९१३ साली, म्हणजे त्यानंतर १४ वर्षांनी. राजाच्या आधी पडद्यावर आला तो कुस्तीतला गडी. पण ती फीत आज पाहायला मिळत नाही, कारण ती सांभाळली गेली नाही. एवढी गोष्ट ध्यानात ठेवा.

गावात सांभाळण्यासारखे आहे तरी काय, असे कुणी विचारील. एकच उदाहरण घेऊ, १९७२ च्या दुष्काळाचे. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यांनी खडी फोडली, पाझर तलाव खणले, रस्ते केले. सुकडी खाल्ली, मिलोच्या लाल भाकरी खाल्ल्या. त्याच अनुभवातून राज्याचा रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २००५ साली केंद्राने देशासाठी कायदा केला तेव्हा हाच नमुना समोर होता. हा इतिहास पुस्तकात आहे, पण आकड्यांत आहे. खडीचे माप घेताना मुकादम काय बोलायचा, तान्हं पोर कुठं निजवायचं, दावणीची जनावरं कुणी कशी सोडून दिली, हे ज्या बाईला ठाऊक आहे ती आज ओसरीवर बसलेली आहे. तेव्हाची वीस वर्षांची माणसे आता सत्तरी ओलांडून गेली. दर साली त्यातली चार-दोन कमी होतात. सातबारा हरवला तर कचेरीत नक्कल मिळते. या माणसांची नक्कल कुठल्याच कचेरीत मिळत नाही.

बाहेरच्यांनी आपल्याकडे येऊन चांगले काम केलेच नाही असे नाही. हायडेलबर्ग विद्यापीठातले जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर मराठी शिकले, धनगरांच्या वाड्यांवर हिंडले, त्यांच्या ओव्या त्यांनी नोंदवल्या आणि हेनिंग श्टेगम्युलर यांच्यासोबत पंढरीच्या वारीवर चित्रपट केला. दीपा भाटिया यांच्या २००९ च्या ‘नीरोज गेस्ट्स’मध्ये पत्रकार पी. साईनाथ यांच्यामागोमाग कॅमेरा विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या घरी जातो. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ची हकीकत तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलीस गोळीबारात १० जण मारले गेले. त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. तिथून पुढे १४ वर्षे पटवर्धन शाहिरांचे, त्यांच्या गाण्यांचे आणि वस्त्यांचे चित्रण करत राहिले. चित्रपट पुरा झाल्यावर त्यांनी तो मुंबईतल्या वस्त्यांमध्ये नेऊन, ज्यांचा होता त्यांनाच दाखवला.

आता दुसरी तऱ्हा पाहा. दुष्काळ पडला, गारपीट झाली की गाड्या येतात. घरधनी गेलेल्या बाईला तेच चार प्रश्न विचारतात. डोळ्याला पाणी आले तेवढेच दाखवतात आणि दिवस मावळायच्या आत निघून जातात. त्या बाईचे नाव चुकीचे छापून येते, गावाचे येतच नाही. काय दाखवले हे तिला कधी कळत नाही. दोन्हीकडे कॅमेरा तोच असतो. फरक पडतो तो दिलेल्या वेळाचा आणि माणसाला दिलेल्या मानाचा.

नावाचे मोल कळायचे असेल तर जात्यावरच्या ओव्यांचे काम पाहा. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी १९८० नंतरच्या काळात महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या लोकांसमोर आणायला सुरुवात केली, काही बायांची चित्रफीतही केली. कोणती ओवी कोणत्या गावच्या कोणत्या बाईने सांगितली, याची नोंद त्यात आहे. तिच्या नातवाला उद्या आजी शोधायची झाली, तर ती सापडते.

म्हणून आमचे म्हणणे असे, की गावाने दोन कामे करावीत. पहिले, बाहेरून कुणी शूटिंगला आले तर पाहुणचार जरूर करा, पण बोलणीही करा. ज्याचे चित्रण करायचे त्याची संमती आधी घ्यावी, नाव आणि गाव बिनचूक द्यावे, तयार झालेली फिल्म पहिल्यांदा गावात दाखवावी आणि एक प्रत गावाला द्यावी. हे ग्रामसभेत ठरवून ठेवले तर आयत्या वेळी सरपंचांची अडचण होत नाही.

दुसरे काम, आपले आपणच सुरू करा. त्याला मोठा खर्च नाही. गावात एक तरी पोरगा-पोरगी असा असतो, ज्याचा हात मोबाईलवर चांगला बसलेला असतो. त्याच्या जोडीला शाळेतले गुरुजी किंवा बाई द्या. माणूस त्याच्या घरीच बसवा, तोंडावर उजेड राहील असा. मोबाईल आडवा आणि स्थिर ठेवा. पंखा, टीव्ही बंद करा, कारण आवाज खराब झाला तर सगळेच वाया जाते. सुरुवातीला नाव, गाव, तारीख बोलून घ्या. मग प्रश्न थोडे आणि ऐकणे जास्त. म्हातारं माणूस मधे थांबलं तर थांबू द्या, पुढची गोष्ट बहुधा तिथंच असते. वरून गाणे चढवू नका. मूळ फीत दोन ठिकाणी ठेवा, एक ग्रामपंचायतीच्या संगणकात, एक वाचनालयात किंवा शाळेत. एक साधे रजिस्टर करा. ग्रामसेवक-तलाठ्यांची पदनावे आता बदलली असली तरी गावाला ते भाऊसाहेबच आहेत. नोंद ठेवण्याची सवय त्यांच्याइतकी कुणाला आहे?

देवाधर्माच्या बाबतीत मात्र बेताने घ्यावे लागेल. ज्या विधीचे चित्रण पूर्वापार करू देत नाहीत, तिथे कॅमेरा बाहेर ठेवा. काठीचा मान कुणाचा, पालखीला पहिला खांदा कुणाचा, यावरून गावोगाव वाद आहेत. फिल्म हा त्याचा निवाडा नव्हे. दोन्ही बाजू सांगतील ते दोन्ही नोंदवा. आणि गाव म्हणजे नुसता वाडा आणि देऊळ नव्हे. वाघ्या-मुरळी, गोंधळी, हलगीवाला, ऊसतोडीला जाणारी जोडपी, बौद्धवाड्यातली आजी, दर्ग्यातला मुजावर यांच्यावाचून काढलेला गावचा इतिहास अर्धाच राहील. अर्धा इतिहास पुढे भांडणाला कारण होतो, हे आपण पाहिलेले आहे.

पुढच्या ग्रामसभेत शेवटचा विषय म्हणून एवढेच मांडा: गावातल्या सर्वांत वयस्कर दहा माणसांची यादी. त्यात निम्म्या बाया असाव्यात. पहिल्या माणसाकडे कोण आणि कुठल्या वारी जाणार, ते तिथल्या तिथे ठरवा आणि प्रोसिडिंगला लिहा. पेरणी वापशावर करावी लागते हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. हे कामही तसेच आहे, वेळ गेली की गेली.