वारशातले रिव्हॉल्व्हर : एक पाठचिकित्सा

ब्रिटनमधील जुन्या घरांत एखाद्या पेटीतून लष्करी रिव्हॉल्व्हर निघते, तेव्हा त्यासोबत बहुधा एक कथाही हाती येते : ‘हे आजोबांनी सोमच्या लढाईत वापरले.’ पोथीवर नाव आहे एवढ्यावरून आपण कर्ता निश्चित करीत नाही. पुष्पिका, अक्षरवळण, कागद पाहतो. शस्त्रही असेच वाचावे, असे आमचे मत आहे.

प्रथम घाट पाहावा. बिजागरीवर दुमडून काडतुसे भरण्याची रचना वेबली आणि एनफील्ड या दोहोंचीही आहे. परंतु .455 चे, सहा इंची नळीचे वेबली ‘मार्क सहा’ सैन्याने 1915 मध्ये स्वीकारले, तर .38 चे एनफील्ड ‘क्रमांक दोन’ 1932 मध्ये. सोमची लढाई 1916 ची. पेटीत एनफील्ड असेल तर कथा तेथेच अडखळते.

मग ठसे. रुंद फाळाचा बाण सरकारी मालकी सांगतो. टोकाला टोक भिडवलेले दोन बाण सेवेतून झालेली विक्री सांगतात. बाण नाही म्हणून शस्त्र लष्करी नव्हे, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. अधिकारी आपले रिव्हॉल्व्हर पदरच्या पैशांनी घेत. त्यात सरकारी काडतूस चालावे, एवढीच मुख्य अट असे. सिलिंडरची मागली बाजू तासलेली दिसली, तर तो .45 ऑटोमॅटिक काडतुसासाठी पुढे, बहुधा अमेरिकी बाजारात, केलेला बदल समजावा. आपल्या भाषेत, हा प्रक्षेप.

म्हणूनच वारसदारांनी उत्साहाने पॉलिश करणे आम्हांस घातक वाटते. घासलेला ठसा म्हणजे फाडलेली पुष्पिका. पण त्याआधीही एक पथ्य आहे. शस्त्र भरलेलेच आहे असे मानून ते हाताळू नये, पोलिसांना कळवावे. 1997 च्या कायद्यांनंतर ब्रिटनमध्ये अशी हस्तास्त्रे बाळगणे अपवादानेच शक्य आहे. पुष्कळदा ती जमा होतात आणि न वाचताच वितळवली जातात. जमा करण्यापूर्वी जाणकाराकडून छायाचित्रे व ठशांची नोंद करून घेण्याची मुभा मागावी, एवढा आमचा आग्रह आहे.

आणि ती कथा? ठशांनी खोडली तरी ती टाकू नये; नोंदीशेजारीच लिहून ठेवावी. आजोबा सोमला गेलेही असतील, रिव्हॉल्व्हर मात्र नंतरचे असेल. घराण्याने या दोन आठवणी एकत्र का बांधल्या, हा प्रश्न शस्त्रतज्ज्ञाचा नाही. तो साहित्याच्या अभ्यासकाचा आहे.