तिकीट आधी काढलं, बाळाचं नाव राहिलं! पोरांच्या पासपोर्टचं घोडं नेमकं अडतं कुठं?

निफाड, दिंडोरी, चांदवड या पट्ट्यात पूर्वी परदेशी जायचं म्हणजे घरातला एखादा पोरगा नोकरीला जायचा आणि आख्खं गाव त्याला सोडायला फाट्यावर यायचं. आता तसं राहिलं नाही. कुणाचा मामा दुबईत, कुणाची मावशी इंग्लंडात, कुणाचा चुलत भाऊ जर्मनीत. सुट्टी लागायच्या आधी फोन येतो, "पोरांना घेऊन या". मग मोठ्या माणसांची धावपळ सुरू होते. मोठ्यांचे पासपोर्ट निघतात. अडकतात ती लेकरं.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. माझ्या धाकट्या भावाचा मेहुणा दुबईत नोकरीला आहे. दिवाळीच्या सुट्टीत या, म्हणून त्याने गेल्या गणपतीत सांगितलं. भाऊ, भावजय, पाचवीतली पुतणी आणि धाकटा पुतण्या असे चौघे जाणार होते. भावाने उत्साहात तिकिटं काढून टाकली, कारण दोन वर्षांखालचं मूल मांडीवर जातं आणि त्याला अगदी थोडे पैसे पडतात. पुतण्याला डिसेंबरात दोन वर्षं पूर्ण होणार होती, म्हणजे हिशोब बरोबर होता. पुतणीचा पासपोर्टही झाला. पुतण्याचा जन्मदाखला काढायला गेले तेव्हा कळलं, दाखल्यावर नावाची जागा कोरी!

याला कुणाचा निष्काळजीपणा म्हणावा? आपल्याकडे पहिलं काय, दुसरं काय, बाळंतपण बहुतेक माहेरी होतं. भावजयीचं माहेर जळगाव जिल्ह्यात. तिथल्या तालुक्याच्या गावी खासगी दवाखान्यात बाळ जन्मलं, दवाखान्याने नगरपालिकेला कळवलं, नोंद झाली. कायद्याने जन्माची नोंद जिथं जन्म झाला तिथंच होते, बापाच्या गावात नाही. आणि आपलं बारसं होतं बाराव्या दिवशी, कधी सव्वा महिन्याने, कधी आत्या पुण्याहून आली की. तोवर नोंद होऊन गेलेली असते आणि त्यात नुसतं 'पुरुष' किंवा 'स्त्री' एवढंच असतं. पुढे लसीकरणाच्या कार्डावर नाव लागतं, अंगणवाडीच्या रजिस्टरला लागतं, पण मूळ दप्तरात कोणी जात नाही. भाऊ मला म्हणाला, "दादा, आख्खं गाव त्याला नावानं हाक मारतं, आणि सरकारच्या लेखी पोरगं बिननावाचं!"

आता हे पूर्वी चालून जायचं, ते का चालत नाही, इथं खरी मेख आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्या तारखेला किंवा नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, आधार अशा सगळ्यांसाठी जन्मदाखला हाच पुरावा धरायचा, असं ठरलं. पासपोर्टचे नियमही त्याप्रमाणे फेब्रुवारी २०२५ अखेरीस बदलले. म्हणजे १ ऑक्टोबर २०२३ नंतरच्या बाळाला जन्मतारखेसाठी जन्मदाखल्याशिवाय दुसरा कुठलाही कागद चालत नाही. त्याआधी जन्मलेल्यांना मात्र शाळा सोडल्याचा दाखला, पॅन यातला कागद अजून चालतो. त्यामुळेच २०१४ साली जन्मलेली पुतणी सुटली आणि पुतण्या अडकला. एकाच घरात, एकाच आईची दोन लेकरं, आणि दोघांना दोन नियम.

नाव लावणं तसं अवघड नाही. जन्मानंतर एक वर्षापर्यंत फुकट लागतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत थोडं विलंब शुल्क भरून लागतं. अर्ज आईबापांनी करायचा, आणि जिथं नोंद झाली तिथंच. आमचे बंधू सप्टेंबरात जळगावकडे गेले. तिथं दुसरी भानगड निघाली. दवाखान्याच्या फॉर्मवर आईचं नाव माहेरच्या आडनावाने लिहिलेलं, आणि आधारवर सासरचं. मग ती दुरुस्ती, तिच्यासाठी प्रतिज्ञापत्र, लग्नाचा दाखला. दुसऱ्या खेपेला संबंधित कर्मचारी रजेवर. तेवढ्यात दिवाळी आली आणि गेली. तिकिटं रद्द केली, निम्म्याहून जास्त पैसे बुडाले. नोव्हेंबरात नगरपालिकांच्या निवडणुका लागल्या, कर्मचारी निवडणुकीच्या कामाला गेले. नावासहित दाखला हातात पडला तो डिसेंबर संपता संपता. तोवर पुतण्याने दोन वर्षांचा केक कापलेला होता.

पासपोर्ट ऑफिसला आपण शिव्या घालतो, पण या सगळ्या प्रवासात सगळ्यात कमी वेळ तिथंच लागला, हे मला कबूल केलं पाहिजे. ऑनलाइन अर्ज, अठरा वर्षांखालच्यांना फी एक हजार, आठ वर्षांखालच्या मुलाला नव्या पासपोर्टवर दहा टक्के सूट म्हणजे नऊशे. नाशिकच्या सेवा केंद्रावर लेकराला स्वतः न्यावं लागतं, नुसते कागद घेऊन बाप गेला तर परत पाठवतात. चार वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो आपणच न्यायचा. आईबाप दोघांच्या सहीचं घोषणापत्र लागतं, त्याला अ‍ॅनेक्शर डी म्हणतात. दोघांपैकी एकाची सही मिळत नसेल, नवरा-बायको वेगळे राहत असतील, तर अ‍ॅनेक्शर सी. नवरा वारलेल्या बाईने मृत्यूचा दाखला सोबत ठेवावा. आईबापांचे स्वतःचे पासपोर्ट चालू असले आणि त्यात जोडीदाराचं नाव असलं तर मुलासाठी पोलीस चौकशी बहुतेक वेळा लागत नाही, म्हणून आधी मोठ्यांचे पासपोर्ट नीट करून घेतलेले बरे.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या मराठी नावांना फार नडते. फॉर्ममध्ये आडनावाची जागा वेगळी आणि नावाची वेगळी असते. बरेच जण घाईत सगळं नाव एकाच रकान्यात भरतात आणि आडनावाची जागा कोरी सोडतात. पासपोर्ट निघतो, पण संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून एकच नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटक व्हिसा देणं बंद केलं आहे. बापाचं नाव मधे लावायचं की नाही, तेही घरातल्या सगळ्यांचं एकसारखं ठेवा. एका पोराच्या नावात बाप आणि दुसऱ्याच्या नाही, असं झालं की व्हिसावाला शंभर प्रश्न विचारतो. इंग्रजी स्पेलिंगचं तर बोलायलाच नको. जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं, शाळेत गुरुजींनी घातलेलं तिसरं.

व्हिसाचं देशागणिक वेगळं आहे. दुबईचा व्हिसा ऑनलाइन निघतो, पण प्रत्येक लेकराचा वेगळा, आणि पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक लागते. लहान मुलाचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, हे विसरून माणसं फसतात. युरोपातल्या शेंगेन देशांसाठी सहा वर्षांखालच्यांना व्हिसा फी नाही, सहा ते बारा वर्षांच्यांना ४५ युरो, आणि बारा वर्षांखालच्यांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. तिकडे एकटी आई किंवा एकटा बाप मुलांना नेत असेल तर मागे राहणाऱ्या पालकाचं संमतीपत्र मागतात. अमेरिकेने २ सप्टेंबर २०२५ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांनाही साधारणपणे मुलाखतीला बोलवायला सुरुवात केली, आधी त्यातून सूट होती.

पशुपतिनाथाच्या यात्रेला जीप करून जाणाऱ्यांनी मात्र घाबरू नये. नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही, आणि पासपोर्टच पाहिजे असंही नाही. मोठ्यांना मतदार ओळखपत्र चालतं. पंधरा वर्षांखालच्या मुलांना आणि पासष्टच्या वरच्या म्हाताऱ्यांना आधार चालतं, मधल्यांना नुसत्या आधारवर सोडत नाहीत. पंधरा ते अठराच्या पोरांनी शाळेच्या मुख्याध्यापकांचं ठराविक नमुन्यातलं ओळखपत्र न्यावं. नवव्या-दहावीतल्या पोराला घेऊन निघालेली मंडळी इथंच चुकतात.

आता ज्यांच्या बाळाची नोंदच झाली नाही त्यांचं काय? एकवीस दिवसांत नोंद फुकट, तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षापर्यंत जिल्हा निबंधकांची लेखी परवानगी, आणि वर्ष उलटलं की जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या दंडाधिकाऱ्याचा आदेश. आपल्या जिल्ह्यात मालेगावच्या उशिराच्या दाखल्यांवरून जो गदारोळ झाला, त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये सरकारने असे दाखले देणं थांबवलं, आणि मार्चमध्ये पोलिसांच्या अभिप्रायासह नवी कडक पद्धत आणली. नुसत्या आधारवर दिलेले दाखले नंतर रद्द करण्याचेही आदेश निघाले. खोटे दाखले कुणी काढले असतील तर कारवाई झालीच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण ऊसतोडीच्या टोळीत, फडावरच्या कोपीत जन्मलेल्या लेकराची आई पोलिसांचा अभिप्राय आणि प्रांत ऑफिस कधी करणार? तिला दुबई नको आहे. तिला पहिलीत नाव घालायचं आहे, आणि नव्या कायद्याने तिथंही हाच दाखला लागणार.

माझं मत विचाराल तर एकच कागद पुरावा धरण्याचा नियम चुकीचा नाही. चार कागदांवर चार जन्मतारखा हे आपण भोगलंय. पण कागदाचं महत्त्व दहापट वाढवलं, आणि तो देणाऱ्या टेबलावर माणूस मात्र एकच ठेवला. एका ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे दोन-दोन, तीन-तीन गावं. बाळाचं पहिलं लसीकरण आरोग्य केंद्रात होतं, आशाताई घरी येतात, अंगणवाडीत नाव लागतं. यातल्या एखाद्या टप्प्यावर 'बाळाचं नाव दप्तरी लागलं का' एवढं विचारलं आणि तिथंच अर्ज भरून घेतला, तर माहेर-सासरच्या चकरा वाचतील. तोवर बारसं झालं की त्याच आठवड्यात माहेरच्या कुणाला तरी पाठवून नाव लावून घ्या, आणि दाखला हातात आल्यावर आईचं नाव, बापाचं नाव, स्पेलिंग तिथंच उभं राहून वाचा. एजंट दोन-तीन हजार सांगतो, पण नावाचा अर्ज तोही त्याच टेबलावर देतो. पासपोर्टची सरकारी वेबसाइट एकच आहे, तिच्यासारख्या दिसणाऱ्या खोट्याही बऱ्याच आहेत. पैसे भरायच्या आधी पत्ता नीट बघा.

पुतण्याचा पासपोर्ट मागच्या आठवड्यात पोस्टमनने घरी आणून दिला. फोटोत तो रडायच्या बेतात आहे आणि पुढची पाच वर्षं तोच फोटो राहणार. सुट्टी लागली की मे महिन्यात जायचं परत ठरतंय. मामाने रजा बदलून घेतली आहे. पुतणीने शाळेत दिवाळीलाच सांगून ठेवलं होतं की मी विमानात बसणार, त्यामुळे तिला वर्गात अजून चिडवतात. आता तिकिटं चार पूर्ण सीटची निघतील, धाकट्याचं वेगळं धरून.