दोन बहिणींचा पत्रव्यवहार

पत्र म्हणजे अर्धी हकीकत. लिहिणाऱ्यास जेवढे ठाऊक असते तेवढेच कागदावर उतरते. उरलेली अर्धी हकीकत ज्यास पत्र जावयाचे त्याच्या घरी घडत असते. दोन्ही अर्धी एकत्र येतील तेव्हाच गोष्ट पुरी होते. हे व्यवहारातील साधे तत्त्व एका कादंबरीचा पाया कसे होऊ शकते, हे या महिन्यात वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

पुस्तक इंग्रजी आहे. त्याचे नाव ‘सॉर्सरी अँड सेसिलिया’, म्हणजे ‘मंत्रविद्या आणि सेसिलिया’. पॅट्रिशिया रीडी आणि कॅरोलिन स्टीव्हरमर या दोन अमेरिकन लेखिकांनी ते मिळून लिहिले व १९८८ साली ते प्रसिद्ध झाले. मध्यंतरी ते दुर्मिळ झाले होते. २००३ साली त्याची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा नावास ‘अथवा मंतरलेले चॉकलेटचे भांडे’ अशा अर्थाची पुस्ती जोडण्यात आली. सबंध पुस्तकात निवेदन असे नाहीच. आहेत ती केवळ पत्रे. केट लंडनहून लिहिते, सेसिलिया एसेक्स परगण्यातील आपल्या खेड्यातून लिहिते. दोघी एकमेकींच्या ‘कझिन’. हा इंग्रजी शब्द आम्हांस नेहमीच तोकडा वाटत आला आहे. चुलत, मामे, आते, मावस ही आपली चार दालने त्या भाषेने एकाच खोलीत कोंबली आहेत! पण एका घरात, एकाच वडीलधाऱ्या बायकांच्या धाकात वाढलेल्या दोन मुली म्हटले, की आपल्या वाचकांस अधिक सांगावयास नको.

कथेचा काळ १८१७ चा. हे वर्ष मराठी माणसाच्या मनात वेगळ्याच कारणाने कोरलेले आहे. त्या वर्षीच्या ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. ज्या इंग्लंडने इकडे ही उलथापालथ केली, ते त्या वेळी आपल्या घरी कसे होते? वॉटर्लूची लढाई होऊन दोन वर्षे लोटली होती. राजा तिसरा जॉर्ज भ्रमिष्ट झाल्यामुळे युवराज राज्यकारभार पाहत होता. लंडनमध्ये नृत्यसमारंभांचा हंगाम चाले आणि उपवर मुलींस त्यासाठी मुद्दाम राजधानीत नेले जाई. त्या समाजाची बारीक नजरेने चित्रे काढणारी जेन ऑस्टेन याच १८१७ च्या जुलैत निवर्तली. आमच्या लेखिकांनी हेच ऑस्टेनचे इंग्लंड घेतले आणि त्यात एकच फरक केला. त्यांच्या इंग्लंडात मंत्रविद्या खरी आहे. ती गुहेत किंवा स्मशानात दडलेली नाही. तिचे राजमान्य विद्यापीठ आहे, तिचे पंडित आहेत, त्यांच्या नेमणुकीचे सोहळे होतात आणि ते पाहावयास कुटुंबेच्या कुटुंबे नटूनथटून जातात. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’मध्ये अद्भुत शोधण्यास भुयारांत उतरावे लागते, येथे ते दिवाणखान्यात पेल्यातून पुढे येते.

अशाच एका सोहळ्यात केट चुकून एका लहानशा दारातून पलीकडे जाते. तेथे बाग आहे आणि एक अनोळखी बाई निळ्या भांड्यातून चॉकलेट ओतीत बसली आहे. (त्या काळी चॉकलेट हा पिण्याचा पदार्थ होता, आज मुले चघळतात तशी वडी पुढे १८४७ मध्ये निघाली.) ती बाई केटला भलताच कोणी वेषांतर करून आला आहे असे समजते आणि पेला पुढे करते. तो पेला विषारी आहे! केट त्यातून वाचते आणि घडला प्रकार बहिणीस लिहून कळविते. सेसिलियाचा भाऊ ऑलिव्हर नाहीसा होतो. इकडे खेड्यात शेजारच्या डोरोथिया नामक मुलीभोवती गावातील यच्चयावत तरुण पिंगा घालू लागतात आणि त्याचे कारण कोणास उमगत नाही. सेसिलिया ते सारे केटला लिहिते. येथून रहस्यास आरंभ होतो. निळ्या भांड्यात काय आहे आणि ते कोणाचे आहे, हे सांगून आम्ही वाचकाचा आनंद हिरावून घेणार नाही.

इतके मात्र सांगावयास हरकत नाही, की लंडनमध्ये जे दिसते त्याचे मूळ एसेक्समध्ये आहे आणि एसेक्समध्ये जे घडते त्याचा सूत्रधार लंडनमध्ये मिरवतो आहे. बागेतील त्या बाईचे डोरोथियाशी नाते आहे. विद्यापीठात ज्यांचा सन्मान झाला ते सर हिलरी हे सेसिलियाचे शेजारी आहेत. केटला एकटीला हे कधी कळले नसते, सेसिलियालाही नाही. पत्र पोहोचते, तेव्हा दोन टोके जुळतात. गुप्त पोलिसांच्या कथांत एक अलौकिक बुद्धीचा पुरुष खुर्चीत बसून सारे ओळखतो. येथे तसा कोणी नाही. दोन मुली एकमेकींस खरे सांगतात, एवढेच त्यांचे शस्त्र.

या पुस्तकाच्या जन्माची कथाही अशीच कौतुकाची आहे. तो आरंभी एक खेळ होता. दोघी लेखिकांनी एकेक पात्र वाटून घेतले. रीडीबाई सेसिलिया झाल्या, स्टीव्हरमरबाई केट. नियम एकच. कथेत पुढे काय व्हावयाचे याविषयी पत्राबाहेर परस्परांशी अवाक्षर बोलावयाचे नाही. एकीने पत्रात कोणास संकटात टाकले, तर दुसरीने ते वाचून आपल्या पत्रात त्यास तोंड द्यावयाचे. खेळ संपला तेव्हा हाती कादंबरी आलेली होती. मग डागडुजी करून ती छापावयास दिली. म्हणून केट पत्राची वाट पाहते तेव्हा तिची उत्कंठा नाटकी वाटत नाही. ती लिहिणारीही खरोखरच वाट पाहत होती.

त्या काळचा टपालाचा व्यवहार ध्यानात घेतला म्हणजे या पत्रांची किंमत अधिक कळते. इंग्लंडात १८४० साली एक पेनीचा सरसकट दर सुरू झाला. तत्पूर्वी टपालहशील बहुधा पत्र घेणाऱ्यास भरावे लागे आणि ते अंतरावर व कागदांच्या संख्येवर ठरे. दुसरा कागद जोडला की हशील दुप्पट. म्हणून काटकसरी माणसे एकाच कागदावर आडवे लिहून झाल्यावर तोच फिरवून त्यावर उभे लिहीत. आपल्याकडे अर्ध्या आण्याचे सरसकट हशील १८५४ पासून झाले, तेव्हा कोठे सामान्य गृहस्थाच्या घरी पत्राचा राबता वाढला. लांबलचक पत्र लिहिणे म्हणजे प्रेमाने दुसऱ्याचा खर्च वाढविणे होते, आणि तरीही माणसे लिहीत.

संस्कृत वाङ्मयाशी ज्यांचा परिचय आहे त्यांस पत्रातील रहस्य नवे नाही. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’चा सारा डोलारा एका पत्रावर उभा आहे. राक्षसाची मुद्रा चाणक्याच्या हाती लागते. राक्षसाचाच स्नेही शकटदास याच्या हस्ताक्षरात एक लेख लिहवून घेण्यात येतो. कोणी कोणास लिहिले हे त्यात मुद्दाम घातलेले नाही. वर मुद्रेचा ठसा. पाचव्या अंकात ते पत्र मलयकेतूपुढे येते आणि राक्षसावरील त्याचा विश्वास कायमचा उडतो. आपल्या इतिहासात नारायणराव पेशव्यांचा १७७३ साली खून झाला, त्याच्याशी ‘ध’चा ‘मा’ केल्याची आख्यायिका जोडलेली आहे. ती खरी असो वा नसो, एका अक्षराने माणूस मरतो ही धास्ती तिच्यात आहे. चाणक्याचे पत्र विश्वास तोडण्यासाठी लिहिलेले. या दोघी बहिणींची पत्रे विश्वास जोडून ठेवण्यासाठी लिहिलेली.

आता एक आक्षेप आम्हांस ऐकू येतो. या मुली मावशा-आत्यांच्या डोळ्यांत धूळ फेकतात, न विचारता बाहेर जातात, केट तर धडधडीत खोटे बोलण्यात तरबेज आहे. असले पुस्तक आपल्या मुलीबाळींच्या हाती का द्यावे? आक्षेप घेणाऱ्यांस आमचा नम्र प्रश्न असा, की रुक्मिणीने काय केले? ज्येष्ठ बंधूने शिशुपाल ठरविला असता तिने घरच्यांच्या नकळत विश्वासू ब्राह्मणाहाती द्वारकेस संदेश धाडला. त्याच कथेचे एकनाथांचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ आपण उपवर कन्येस भक्तिभावाने वाचावयास लावतो! तेव्हा मुलीने गुप्तपणे पत्र लिहिणे हे पाप आहे असे निदान आपण तरी म्हणू नये. शिवाय केटचे एक वैशिष्ट्य विसरता कामा नये. जगाशी ती खोटे बोलते. पण कोणास काय खोटे सांगितले याचा हिशेब ती बहिणीस चोख लिहून पाठविते. जिच्यापाशी आपले खोटेपणही खरेपणाने सांगता येते असे एक माणूस प्रत्येकास असावे.

या पुस्तकातील आम्हांस सर्वांत मोलाचा वाटलेला भाग तर पुढेच आहे. कथेतील दोन पुरुष, थॉमस आणि जेम्स, हे भले आहेत. त्यांस धोक्याची पूर्ण कल्पना आहे. पण मुलींस कशास त्रास द्यावा, म्हणून ते तोंड उघडत नाहीत. परिणाम असा होतो, की ज्यांस जपावयाचे त्याच अज्ञानाने धोक्यात पाऊल टाकतात. दुष्टांच्या कपटाइतकेच या सज्जनांच्या मौनाने प्रकरण चिघळते.

एकत्र कुटुंबात हे मौन आम्ही फार जवळून पाहिले आहे. आमच्या एका आत्याबाईंस दूरच्या गावी दिले होते. आजी चार महिने अंथरुणास खिळून होती. दर पंधरवड्यास आत्याबाईंस कार्ड जाई आणि प्रत्येक कार्डात एकच वाक्य असे : ‘येथील सर्व क्षेम.’ तिच्या जिवास घोर नको, सासरच्यांस अडचण नको, हाच हेतू. शेवटी तार गेली. आत्याबाई आल्या तेव्हा दहावा दिवस होता. त्या रडल्या नाहीत. त्या कार्डांची जुडी त्यांनी बरोबर आणली होती. ती आजोबांपुढे ठेवून त्या आत निघून गेल्या. त्या जुडीत खोट्या बातमीचे एकही कार्ड वाईट हेतूने लिहिलेले नव्हते.

कार्ड उघडे असे. ते ओसरीवर सर्वांदेखत वाचले जाई. सासरी आलेले पत्र आधी सासरे वाचीत. सर्वांनी वाचावयाच्या पत्रात ‘क्षेम’ याखेरीज काय लिहिणार? आज कार्ड गेले, तारही २०१३ साली बंद झाली, प्रत्येकाच्या हाती भ्रमणध्वनी आला. पण ‘तिला आत्ताच सांगू नका’ हे वाक्य आपल्या घरांतून गेलेले नाही. क्षणात निरोप पोहोचविणारे यंत्र हाती असूनही आपण परगावी असलेल्या मुलीस, परदेशी गेलेल्या मुलास दुखणे आणि कर्ज कळू देत नाही. कळते तेव्हा त्यांच्या हाती करण्यासारखे काही उरलेले नसते.

पुस्तकात दोष नाहीत असे नाही. पहिल्या पाचसहा पत्रांत नावांची फार गर्दी आहे. दोघी बहिणींची भाषा इतकी सारखी आहे, की पत्राच्या शिरोभागी असलेले ठिकाण पाहिल्यावाचून लिहिणारी कोण हे ध्यानी येत नाही. जुन्या वळणाचे इंग्रजी नवशिक्यास जड जाईल. तथापि शाळेच्या वरच्या वर्गांतील मुलामुलींस कोश जवळ ठेवून ते खुशाल वाचू द्यावे. वाचताना हसू येते आणि मिटल्यावर विचार येतो, असे हे पुस्तक आहे.

जाता जाता एक सूचना. येत्या सुट्टीत घरातील दोन मुलांनी, एक पुण्यात व एक नागपुरात असेल तर उत्तमच, हा पत्रांचा खेळ खेळून पाहावा. काळ पेशवाईचा घ्यावा, पात्रे आपली आपण निवडावीत, आणि पत्राबाहेर कथेविषयी बोलू नये. कागद, शाई व तिकिटांचा खर्च वडील मंडळींनी सोसावा. पत्रे मात्र त्यांनी उघडू नयेत.