अजून थोडं जवळ...

पुण्यातल्या पक्षीवेड्या फोटोग्राफरांच्या गप्पा ऐकल्यात कधी? पक्षी सोडून बाकी सगळं असतं त्यात. कोणाची लेन्स पाण्यात गेली, कोणाच्या ट्रायपॉडचा पाय मोडला, कोणाला दुरुस्तीचं बिल बघून घेरी आली... मीही त्यातलाच. हिवाळ्यातले दोन-चार वीकएंड भिगवण नाहीतर कवडीपाटला जातातच.

काही नुकसान अगदी सहज टळतं. पावसाळाभर बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सवर बुरशी चढते. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, काम झालं. गार एसी गाडीतून कॅमेरा एकदम दमट हवेत काढला की काचेवर बाष्प धरतं. थोडा वेळ बॅग उघडायचीच नाही. आणि पाण्यात पडलाच, तर 'चालतोय का बघू' म्हणून बटण दाबू नका, आधी बॅटरी काढा.

पण बाकीच्या अपघातांचं काय? ऑफिसात सर्व्हर पडला की आपण 'रूट कॉज' शोधतो ना, तसं इथेही शोधा. बहुतेक वेळा एकच सापडतं : "दादा, होडी अजून थोडी जवळ घ्या ना!" मग सगळे एकाच कडेला सरकतात, होडी कलते आणि लाखभराची लेन्स उजनीला अर्पण. कवडीपाटला तेच गाळात उतरून होतं, सासवडकडच्या माळावर रस्ता सोडून गाडी घालून.

गंमत म्हणजे पक्ष्यांचं नुकसानही याच कारणानं होतं, फक्त त्याच्या गप्पा होत नाहीत. रोहित उथळ पाण्यात मान उलटी करून चोचीनं पाणी गाळत खातो. होडी फार जवळ आली की खाणं टाकून अख्खा थवा उडतो. आपल्याला गुलाबी पंखांचा झकास फोटो मिळतो, त्यांची न्याहारी बुडते. आणि आपल्यामागे पुढची होडी असतेच! टिटवी, धाविक हे पक्षी तर उघड्या जमिनीवर अंडी घालतात, आजूबाजूच्या खड्यांत मिसळून जाणारी. गाडीच्या चेंबरला दगड लागला तर लगेच कळतं. अंडं चाकाखाली गेलं तर आवाजही येत नाही.

हा फक्त सभ्यतेचा प्रश्न आहे असंही नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातली 'शिकार'ची व्याख्या वाचा. वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं तर त्यात येतंच, पण अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणंही येतं. म्हणजे हातात बंदूक नसली तरी शिकारी ठरता येतं.

"पण जवळ गेल्याशिवाय शार्प फोटो येत नाही हो!" मान्य. फक्त जवळ येण्याचं काम पक्ष्यालाच करू द्या. काठावर तासभर गप्प बसलात तर धोबी, तुतवार आपणहून समोर येऊन चरायला लागतात. चालत येणाऱ्या माणसाला पक्षी जितका बिचकतो, तितका रस्त्याकडेला बंद करून ठेवलेल्या गाडीला बिचकत नाही. काच खाली करा, दारावर एक उशी टाका, त्यावर लेन्स टेकवा. ट्रायपॉडही वाचला.

एवढं करूनही पक्षी फ्रेममध्ये छोटासाच आला तर येऊ दे. आजूबाजूचं पाणी, गवत दिसेल, तेही त्याचंच घर आहे. आणि लेन्स घरी परत येईल, हा बोनस :-)